माझ्या नसलेल्या लायसन्सचा खुलासा

गेल्या वर्षी सिडनीच्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माझा सत्कार झाला. निवेदकाने माईकवरून सांगितलं, "ऑस्ट्रेलियातले पहिले लायसन्सधारी मराठी झोपतज्ज्ञ!" टाळ्या पडल्या. मी उठलो, शाल पांघरून घेतली, नारळ घेतला आणि खाली बसलो. त्या वाक्यातला 'मराठी' हा शब्द सोडला तर बाकी काहीच खरं नव्हतं. पहिला मी नव्हे, माझ्या आधी मेलबर्नला एक बाई होत्या. तज्ज्ञ डॉक्टर असतात, मी तंत्रज्ञ होतो. आणि लायसन्स माझ्याकडे कधीच नव्हतं.

नंतर जेवणाच्या रांगेत उभा असताना माझ्या मागे दोघी बोलत होत्या. आमच्या पुढे चारपाच माणसं सोडून केतकी सबनीस ताट घेऊन उभी होती. ती पूर्वी माझ्या हाताखाली काम शिकली. मागची एक दुसरीला म्हणाली, "तीच ना गं? काकांच्याच लॅबमध्ये होती. खोटे पेपर लावले होते म्हणे." दुसरी म्हणाली, "दिसते किती साधी!"

माझ्या हातात तो नारळ होता. मी मागे वळलो नाही.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी, म्हणजे निखिलने, फोन केला. "काका, लॅबमधले किस्से लिहा ना. घोरणारे, बडबडणारे, झोपेत चालणारे. लोकांना हसू येईल असं हलकंफुलकं." किस्से देतो. पण त्यातला एक किस्सा केतकीचा आहे आणि तो हलकाफुलका नाही. तिने खोटे पेपर लावले नव्हते. ते का आणि कसं, हे कळायला आधी माझं काम सांगावं लागेल, आणि मग लायसन्सचा घोळ. तो घोळ मलाही अजून पुरता सुटलेला नाही.

काम तसं सोपं सांगता येतं. रात्री ज्याचा श्वास अडकतो, जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, अशा माणसाला डॉक्टर 'स्लीप स्टडी' लिहून देतात. आम्ही त्याचं डोकं टेपने मोजतो, लाल पेन्सिलीने खुणा करतो आणि त्या खुणांवर चिकट पेस्टने तारा लावतो. डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पाय. नाकाखाली श्वास मोजणारी नळी आणि बोटाला चिमटा. एवढं सगळं लावून त्याला सांगायचं, "आता निवांत झोपा." लोक झोपतातही, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. संगणकावर ती रात्र तीस-तीस सेकंदांच्या पानांत पसरलेली असते. हजाराच्या आसपास पानं. एकेक पान बघून ठरवायचं: इथे जागा, इथे हलकी झोप, इथे गाढ, इथे स्वप्न. श्वास थांबला तिथे खूण, उथळ झाला तिथे खूण. याला स्कोअरिंग म्हणतात. त्यावरून डॉक्टर आजार किती आहे ते ठरवतात. तंत्रज्ञाने एक खूण कमी केली तर आजार कमी दिसतो. म्हणजे आमच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं.

मग साहजिकच कुणालाही वाटेल की या नजरेला सरकारी परवाना लागत असेल. मलाही वाटायचं. या देशात बारमध्ये दारूचा ग्लास ग्राहकापुढे ठेवायला प्रमाणपत्र लागतं. समुद्रावर गळ टाकून बसायला परवाना लागतो. फोर्कलिफ्टला लागतो, वायरमनला लागतो. माणसाच्या डोक्याला तारा लावायला मात्र कायद्याने काहीच लागत नाही. डॉक्टर आणि नर्स यांची नोंदणी असते, फिजिओची असते. आमची नसते. लॅबला मान्यता असते, आणि त्या मान्यतेसाठी माणसं 'योग्य शिक्षण घेतलेली' हवीत असं म्हणतात. योग्य म्हणजे काय, हे मी तीन जणांना विचारलं आणि मला चार उत्तरं मिळाली. लॅबचे मॅनेजर ब्रायन म्हणाले, "तू आहेस ना, मेट? मग झालं." ब्रायन हे जन्माने सिडनीकर, सगळ्यांना 'मेट' म्हणजे मित्र म्हणणारे, मनाने चांगले आणि कागदपत्रांना कंटाळलेले गृहस्थ.

मी मुंबईचा बी.एस्सी. इथे आधी कारखान्यात, मग इस्पितळात ट्रॉल्या ढकलणारा, मग फुप्फुसांच्या विभागात मदतनीस, असा सरकत सरकत झोपेच्या लॅबमध्ये आलो. आपला माणूस कागदाशिवाय निश्चिंत राहू शकत नाही. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की अमेरिकेतली एक संस्था आमच्या कामाची परीक्षा घेते, आणि ती इथेही देता येते. इथे ती कुणी मागत नव्हतं, पण नोकरीच्या जाहिरातीत 'असल्यास उत्तम' असं लिहिलेलं असे. मी वर्षभर अभ्यास केला, पॅरामाटाच्या एका केंद्रात संगणकासमोर बसून परीक्षा दिली आणि पास झालो. अमेरिकेहून जाड कागदाचं प्रमाणपत्र आलं. मूळ प्रत फ्रेम करून घरात लावली, रंगीत झेरॉक्स लॅबच्या भिंतीवर.

घरातल्या फ्रेमची आमच्या शैलाने दसऱ्याला पूजा सुरू केली. पाटावर माझी डोकं मोजायची टेप, लाल पेन्सिल, मुलीचा लॅपटॉप आणि मधोमध ती फ्रेम. काचेवर हळदकुंकू कुठे लावायचं हा पहिल्या वर्षी प्रश्न आला. वर त्या संस्थेचं बोधचिन्ह होतं, मधे माझं नाव. शैला म्हणाली, "नावावर नको, चिन्हावरही नको, कुणाचं काय असेल देव जाणे." म्हणून तिने उजव्या कोपऱ्यात खाली बोट टेकवलं. दर दसऱ्याला तिथेच. काच पुसताना ती तेवढा कोपरा सोडून पुसायची. त्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रमाणपत्राची मुदत छापलेली होती.

हे मी पुढे बऱ्याच ठिकाणी विनोद म्हणून सांगितलं आहे. 'अहो, कुंकवाखाली तारीख झाकली गेली आणि मला कळलंच नाही!' लोक हसतात. तुमच्यापैकी काहींनी तो माझ्या तोंडून ऐकला असेल. तारीख कुंकवाखाली होती हे खरं आहे. मला कळलं नाही हे खरं नाही.

मला ती तारीख दाखवली एका ट्रकवाल्याने.

आमच्याकडे दिवसाही एक चाचणी होते. झोपेची नव्हे, जागं राहण्याची. ज्यांच्या पेंगण्यावर उपचार झाले आहेत अशा ट्रक आणि बसचालकांना अंधुक खोलीत पलंगावर टेकून बसवायचं आणि सांगायचं, जागे राहा. चाळीस मिनिटं. दोन तासांनी पुन्हा. असं दिवसात चार वेळा. फोन नाही, गाणं म्हणायचं नाही, स्वतःला चिमटे काढायचे नाहीत. नुसतं जागं राहायचं. आम्ही दुसऱ्या खोलीतून पडद्यावर बघायचं. त्यात तो झोपला तर डॉक्टर त्याला गाडी चालवू द्यायची की नाही याचा विचार करतात.

गुरमीत नावाचे सरदारजी आले होते. पहिल्या फेरीत बरोबर बसले. दुसऱ्या फेरीत त्यांचे ओठ हलताना दिसले. मी माईकवरून म्हटलं, "गुरमीतभाई, गाना नहीं."

"गाना नहीं अंकलजी, रस्ता बोल रहा हूँ. सिडनी से ॲडिलेड तक के पेट्रोल पंप."

"वो भी नहीं."

"मन में?"

मनात कोण काय म्हणतं हे आमच्या तारांना कळत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते चारही फेऱ्या जागे राहिले. कुठल्या पंपाला पोचले ते त्यांनाच माहीत.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात डोक्याला तारा तशाच, असे ते लॅबमध्ये हिंडत होते. भिंतीवरच्या माझ्या झेरॉक्ससमोर थांबले. हा माणूस आयुष्यभर लायसन्स, परमिट आणि लॉगबुक सांभाळत आलेला. त्याने माझं नाव वाचलं नाही, चिन्ह बघितलं नाही. नजर थेट खालच्या कोपऱ्यात. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "अंकलजी, मेरा लाइसेंस आप देख रहे हो. आपका तो एक्सपायर है."

मी हसलो. म्हटलं, इथे लागत नाही. ते म्हणाले, "अच्छा है," आणि पुढच्या फेरीला जाऊन बसले. ते गेल्यावर मी ती झेरॉक्स काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. ब्रायननी विचारलं तेव्हा सांगितलं, चिकटपट्टी सुटली.

त्याआधीही संस्थेच्या दोन ईमेल आल्या होत्या. मी उघडल्या होत्या, वाचल्याही होत्या. मुदत वाढवायची तर इतके इतके तास नवं शिक्षण घेतल्याचे पुरावे द्या, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा. पुराव्यांइतके तास माझ्याकडे नव्हते. आणि परीक्षेची मला भीती वाटली. मधल्या काळात स्कोअरिंगचे नियम बदलले होते. पूर्वी गाढ झोपेचे दोन टप्पे मोजायचो, त्याचा एक झाला. उथळ श्वास कशाला म्हणायचं याची व्याख्याही बदलली. मी साठीकडे झुकलेला, लॅबमधला सगळ्यात जुना माणूस. नापास झालो असतो तर काय तोंड दाखवलं असतं? आणि कायद्याने तर ते लागतच नव्हतं. मग जे लागतच नाही ते संपलं म्हणजे नक्की काय संपलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो मला उत्तरासारखा वाटू लागला.

आता केतकी. ती नाशिकची. शिकायला आली, हॅरिस पार्कच्या एका फ्लॅटमध्ये तिघींबरोबर राहिली, पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी झाली आणि आमच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागली. शैलाने पहिल्याच आठवड्यात तिला जेवायला बोलावलं. तेव्हापासून ती मला ब्रायनसमोर 'व्हाझ' म्हणे, कारण ब्रायन माझ्या आडनावाचा तसाच उच्चार करत, आणि ब्रायनची पाठ वळली की 'काका'.

तिची नजर फार चांगली होती. एका सकाळी माझ्या खुर्चीमागे उभी राहून ती माझं स्कोअरिंग बघत होती. एका बाईंची रात्र होती. मी संपवून अहवाल डॉक्टरांकडे पाठवणार, एवढ्यात ती म्हणाली, "काका, एक विचारू?"

"विचार की."

"हे उथळ श्वास तुम्ही सोडून दिलेत, ते जुन्या नियमाने ना? नव्याने मोजावे लागतील. मग या बाईंचा आजार सौम्य नाही राहत, मध्यम होतो. बहुतेक. माझंच चुकत असेल."

चुकत नव्हतं. मी ती सगळी पानं पुन्हा केली, अहवाल बरोबर गेला. तिने कुणाला सांगितलं नाही. मी तिला "शाब्बास" म्हणालो आणि दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. हेही इथे लिहायला हवं. पुढे जे झालं त्यात माझा विसराळूपणा होता असं कुणाला वाटू नये. त्यात हे दोन दिवसही होते.

काही महिन्यांनी तिला एका नव्या लॅबमध्ये सीनियर जागा मिळायची होती. त्यांची अट होती की तीच अमेरिकन परीक्षा पास हवी. परीक्षेच्या अर्जाला शिकवणाऱ्याची सही लागत होती, आणि शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. दुपारची वेळ होती, चहाच्या खोलीत आम्ही दोघंच. तिच्यापुढे लॅपटॉप.

"काका, नंबर सांगा. इथे भिंतीवर होतं ना पूर्वी?"

"चिकटपट्टी सुटली. थांब, घरी विचारतो."

मी शैलाला फोन लावला आणि केतकीला ऐकून लिहिता यावं म्हणून स्पीकरवर टाकला. शैलाने फ्रेम खाली काढली, एकेक आकडा वाचला, केतकीने टाइप केला. मग शैला म्हणाली, "अहो, खाली कुंकवाखाली तारीख पण आहे काहीतरी. पुसून वाचू का?"

मी म्हणालो, "नको, नको. तेवढं पुरे."

अर्जात तारखेची जागा नव्हती. पण माझ्या सहीच्या वर एक वाक्य छापलेलं होतं, की सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र चालू आहे. ते मी वाचलं आणि खाली सही केली.

केतकी परीक्षा उत्तम पास झाली. निकालाबरोबर पत्र आलं: तुमच्या अर्जाची तपासणी केली असता सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे आढळले, प्रमाणपत्र रोखून ठेवले आहे. चालू प्रमाणपत्राच्या माणसाकडून शिकल्याची नवी सही आणा. ती आणायची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाताखाली पुन्हा काम करायचं. तोवर नवी जागा थांबणार नव्हती. ती माझ्याकडे पत्र घेऊन आली. मी म्हणालो, "कारकुनी चूक असेल त्यांची. बघतो."

नव्या लॅबने ब्रायनना फोन केला. ब्रायननी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. ते चिडले नव्हते, गोंधळले होते. "व्हाझ, हा नंबर जुना कसा?"

मी म्हणालो, "नंबर तिने भरला. मी फक्त सही केली."

या दोन वाक्यांत एकही खोटं नाही. नंबर तिनेच भरला होता, सही मीच केली होती. केतकीने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होतो. बाहेर आल्यावर फक्त म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना त्यांना, नंबर तुम्ही दिला होता." मी पुन्हा म्हणालो, "बघतो."

तिची जागा गेली. आमच्याकडचं कंत्राटही पुढे वाढलं नाही. माझं प्रमाणपत्र संपलं आहे का, हे ब्रायननी मला कधीच विचारलं नाही. कारण कायद्याने ते लागत नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत कुणीतरी मला विचारलं, "केतकी दिसत नाही लॅबमध्ये हल्ली?" मी मोदकाचं ताट हातात धरून म्हणालो, "पेपरमध्ये काहीतरी गडबड होती." मी एवढंच बोललो. वेंटवर्थव्हिलच्या दुकानांपासून स्कोफिल्ड्सच्या नव्या घरांपर्यंत त्याचे 'खोटे पेपर' व्हायला फार दिवस लागले नाहीत. म्हणजे त्या दिवशी रांगेत मी जे ऐकलं, ते माझंच वाक्य परत आलं होतं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून मी हे निस्तरायला लागलो. आणि इथे माझा खरा गोंधळ सुरू झाला, कारण सांगायचं कुणाला तेच कळेना. लायसन्स नाही, म्हणजे लायसन्स देणारं कुणी नाही, म्हणजे तक्रार घेणारंही कुणी नाही. सरकारी कार्यालयात फोन केला. त्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे?" म्हटलं, माझ्याविरुद्ध. तिने मला होल्डवर ठेवलं. मग म्हणाली, तुमचा व्यवसाय आमच्या यादीत नाही. अमेरिकेतल्या संस्थेला सविस्तर ईमेल लिहिली. उत्तर आलं की आपले प्रमाणपत्र सध्या निष्क्रिय आहे, ते पुन्हा सुरू करण्यात आपल्याला रस आहे का, असल्यास इथे दाबा. ब्रायन आता निवृत्त होऊन क्वीन्सलँडला राहतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मेट, ते कुणाला लागतच नव्हतं रे." मी म्हटलं, केतकीला लागत होतं. ते म्हणाले, "हो. तिला लागत होतं." आणि त्यांच्या कुत्र्याबद्दल बोलू लागले.

शैला म्हणाली, "तिला जे झालं ते कुणामुळे? सरकारमुळे? अमेरिकेमुळे? ते आपल्या लोकांमुळे झालं. मग आपल्या लोकांना सांगा." तेवढ्यात निखिलचा तो फोन आला.

लेख लिहून झाल्यावर तो केतकीला दाखवल्याशिवाय देणं बरोबर नव्हतं. ती आता वेंटवर्थव्हिलजवळ श्वासाची यंत्रं आणि मास्क विकणाऱ्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकाला नीट बसणारा मास्क शोधून देते. मी गेलो तेव्हा एका आजोबांना पट्टा सैल करून देत होती. ते गेल्यावर मी पानं काउंटरवर ठेवली.

"हे काय, काका?"

"वाच. लॅबमध्ये एकाचं स्कोअरिंग दुसरा तपासायचा ना, तसं तपास. नाव घालू की नको, तेही सांग."

तिने उभ्यानेच वाचलं. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला नळी देऊन तिने पुन्हा पान उचललं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. माझ्या तारांना तरी कुठे कळायचं? वाचून झाल्यावर तिने काउंटरवरचं पेन घेतलं. मला वाटलं नाव खोडणार. तिने आधी कामाच्या वर्णनात एक चूक काढली. पायाला तारा लावतो हे मी लिहायला विसरलो होतो, ते घातलं. मग फोनच्या प्रसंगापाशी आली. तिथे मी सही केली त्यानंतर एक वाक्य लिहिलं होतं: 'त्या क्षणी नियम काय आहेत याबद्दल माझा स्वतःचाच गोंधळ उडाला होता.' त्यावर तिने सरळ रेघ मारली.

"काका, हे नाही."

"का गं?"

"तुमचा गोंधळ उडाला नव्हता. काकू म्हणाल्या, तारीख वाचू का. तुम्ही दोनदा नको म्हणालात. फोन स्पीकरवर होता. मी समोर होते."

इतकी वर्षं तिला हे माहीत होतं. मी विचारलं, "मग ब्रायनला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, पण तुम्हीच सांगाल म्हणून थांबले." ती पानं एकावर एक नीट लावू लागली. "मग गणपतीनंतर लोक बोलायला लागले. तेव्हा कुणी ऐकलं असतं माझं? तुम्ही सगळ्यांचे काका."

मी म्हणालो, "केतकी, मला माफ कर."

"ते बघू नंतर," ती म्हणाली. "नाव घाला. आडनावासकट. आणि हे सगळे किस्से वाचून लोकांना नीट कळणार नाही, सरदारजीच लक्षात राहतील. शेवटी सरळ लिहा. अहवालाच्या खाली डॉक्टरांसाठी लिहायचो ना, दोन ओळींत, तसं."

दुसरं गिऱ्हाईक आलं. ती तिकडे वळली. मी पानं घेऊन स्टेशनच्या बाकावर बसलो आणि तिथेच खालचा निष्कर्ष लिहिला. शैलाने वाचून यात काही बदलायचं नाही असं सांगितलं आहे. फ्रेम आम्ही भिंतीवरून काढली आहे. तिचा कोपरा मी स्वतः पुसला.

निष्कर्ष: केतकी सबनीस हिने कोणताही खोटा कागद लावला नव्हता. प्रमाणपत्राचा क्रमांक मी दिला, ते चालू असल्याच्या वाक्याखाली सही मी केली, आणि त्याची मुदत संपली आहे हे मला सही करताना माहीत होतं.